पेण–रोह्याच्या रानातील बिनपगारी कामकरी

पेण आणि रोहा हे आपल्या रायगड जिल्ह्यातील शेजारी तालुके. एका बाजूला खाडी, खारजमीन आणि भातशेती, तर दुसऱ्या बाजूला साग-ऐनाच्या रानाने झाकलेले डोंगर, अशी या मुलखाची ठेवण आहे. आपल्या मंडळाचे अनेक सभासद याच डोंगरांच्या पायथ्याशी वाढले. कामधंद्यानिमित्त पुष्कळजण मुंबई, ठाणे, पनवेलकडे गेले, तरी सणासुदीला आणि जयंतीला गावी येणे सुटलेले नाही. असे असूनही 'जंगल' म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतील सिंह आणि जिराफ उभे राहतात. घरामागच्या डोंगरात कोण राहतो, असे विचारले तर माकड आणि रानडुक्कर यांच्यापलीकडे नावे निघत नाहीत. ही उणीव थोडीफार भरून निघावी, विशेषतः विद्यार्थ्यांना आपल्या परिसराची ओळख व्हावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. रानातील प्रत्येक पशुपक्षी काहीतरी काम करीत असतो. ते काम तो आपल्यावर उपकार म्हणून करीत नाही, स्वतःचे पोट भरण्यासाठी करतो. परंतु त्याचा लाभ मात्र आपल्याला मिळतो. तो प्राणी नाहीसा झाला की ते काम एकतर पडून राहते किंवा माणसाच्या अंगावर येते. आणि माणसांमध्ये नकोसे काम कोणाच्या अंगावर टाकले जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या उंबरठ्यावरची दोन अभयारण्ये

पनवेलहून पेणकडे येताना मुंबई–गोवा महामार्ग ज्या दाट रानातून जातो ते कर्नाळा पक्षी अभयारण्य. ते पनवेल तालुक्यात असले तरी पेणकरांच्या रोजच्या वाटेवरचे आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य होय. आज त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे. अंगठ्यासारखा उभा सुळका असलेला कर्नाळा किल्ला याच रानात आहे.

दुसरे फणसाड वन्यजीव अभयारण्य. ते मुरुड आणि रोहा या दोन तालुक्यांत पसरलेले असून १९८६ मध्ये जाहीर झाले. त्यापूर्वी हे जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. नबाबाच्या शिकारीसाठी राखलेले रान पुढे शिकारीला बंदी असलेले रान झाले, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल. समुद्राच्या इतक्या जवळ इतके दाट जंगल कोकणात फार थोड्या ठिकाणी उरले आहे. या रानातील पाणवठ्यांना तेथील लोक 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात ओढे आटले की जनावरे या गाणांवर येतात. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, वानर, शेकरू हे येथील प्रमुख सस्तन प्राणी. पक्ष्यांच्या दीडशेहून अधिक जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत.

अर्थात पशुपक्षी अभयारण्याची हद्द पाहून राहत नाहीत. पेणच्या पूर्वेकडील डोंगरांत, रोह्याच्या कुंडलिका खोऱ्यात, देवराईत, आमराईत, इतकेच काय गावच्या पिंपळावरही त्यांची वस्ती आहे.

झाडे लावणारे

डोंगराच्या कड्यावर, जेथे माणसाचा पायही पोहोचत नाही, तेथे उंबर किंवा पिंपळ उगवलेला आपण पाहतो. तो कोणी लावला? उत्तर सोपे आहे. बुलबुल, तांबट, कोकीळ, धनेश अशा फळे खाणाऱ्या पक्ष्यांनी. हे पक्षी फळ गिळतात, गर पचवतात आणि बी विष्ठेवाटे दूर कोठेतरी टाकतात. मूळ झाडाच्या सावलीत पडलेले बी सहसा जगत नाही. त्याला दूर नेणारा वाहक लागतो, आणि तो हे पक्षी पुरवितात.

यांतील धनेश हा मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. त्याचा संसार विलक्षण असतो. विणीच्या काळात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर बाहेरून फळे व किडे आणून तिला आणि पिलांना भरवितो. या काळात नराला कोणी मारले तर आतील कुटुंब उपाशी मरण्याची वेळ येते. एक गोळी झाडणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसते. शिवाय धनेशाला ढोली असलेले म्हातारे झाड लागते. 'वठलेले झाड, कामाचे नाही' म्हणून आपण ज्याच्यावर कुऱ्हाड चालवितो तेच नेमके धनेशाचे घर असते.

रात्रपाळीला हेच काम उदमांजर आणि वटवाघूळ करतात. उदमांजर रात्री झाडावर चढून फळे खाते आणि त्याच्या विष्ठेतून बिया रानभर पसरतात. मोठी वटवाघळे फळे घेऊन दूरवर उडतात, बिया टाकतात, आणि फुलांतील मध पिताना परागकणही एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. वटवाघूळ दिसले की अशुभ मानून त्याची वस्ती असलेले झाड तोडण्याचे प्रकार घडतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी अशा समजुतीला थारा देऊ नये.

झाडावरून न उतरणारा शेकरू

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. स्पर्धा परीक्षेला बसणारे आपले विद्यार्थी हे उत्तर पाठ करतात. परंतु हा प्राणी रोहा तालुक्याला लागून असलेल्या फणसाडच्या रानात आहे, हे त्यांतील कितीजणांना ठाऊक असते? शेकरू म्हणजे मोठी खार. पाठीचा रंग तांबूस तपकिरी, पोट पिवळट पांढरे, आणि शेपूट अंगाहून लांब व झुपकेदार. शेपटीसह लांबी तीन फुटांच्या आसपास, वजन दीड ते दोन किलो.

शेकरूचे सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जाते. एका झाडावरून दुसऱ्यावर तो वीस फुटांपर्यंत झेप घेतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, कारण जमिनीवर तो सहज शिकार होतो. फांद्यांच्या बारीक टोकांशी तो काटक्या-पानांची गोल घरटी बांधतो. जड शिकारी प्राणी तेथपर्यंत जाऊ शकत नाही. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवतो.

आता याचा अर्थ काय होतो ते पाहू. शेकरूला नुसती झाडे असून चालत नाही. झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असाव्या लागतात. रानाच्या मधून रुंद रस्ता गेला, विजेच्या तारांसाठी पट्टा साफ केला, किंवा मधली चार मोठी झाडे तोडली, की शेकरूच्या दृष्टीने वाट तुटली. नकाशावर जंगल तेवढेच दिसते, पण त्याचे दोन तुकडे झालेले असतात आणि दोन्हीकडचे शेकरू एकमेकांना पारखे होतात. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन–मुरुड किनाऱ्यावर असंख्य झाडे आडवी केली. वादळ आपल्या हाती नव्हते. वादळातून वाचलेली झाडे राखणे मात्र आपल्या हाती आहे.

जिल्ह्याचा पक्षी, तिबोटी खंड्या

पावसाळ्याच्या तोंडाशी, मे अखेर ते जूनमध्ये, कर्नाळा आणि फणसाडच्या ओढ्यांवर एक इवलासा पाहुणा येतो. जांभळा, निळा, पिवळा, नारिंगी असे रंग अंगावर मिरविणारा, चिमणीपेक्षाही लहान असा हा तिबोटी खंड्या. बहुतेक पक्ष्यांना पायाला चार बोटे असतात, याला तीनच, म्हणून 'तिबोटी'. २०२० मध्ये त्याला रायगड जिल्ह्याचा पक्षी म्हणून मान मिळाला.

हा पक्षी झाडावर घरटे बांधत नाही. ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत तो चोचीने बोगदा कोरतो आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतो. पिलांना सापसुरळी, पाल, लहान बेडूक, खेकडे, कोळी असा खाऊ भरवितो. म्हणजे त्याला दाट सावली हवी, वाहता ओढा हवा आणि न खणलेली मातीची दरड हवी. घरबांधणीसाठी किंवा रस्त्याच्या भरावासाठी ऐन पावसाळ्याच्या सुरुवातीला ओढ्याकाठची माती यंत्राने उचलली तर त्या वर्षीची वीण गेली. ज्या ओढ्यावर तिबोटी खंड्या वीण करतो तो ओढा जिवंत आहे असे समजावे, आणि जिवंत ओढा म्हणजे खालच्या गावच्या विहिरीला पाणी.

शेताचे राखणदार

भातशेतीचा मोठा शत्रू उंदीर. आणि उंदरांचा मोठा शत्रू घुबड. गव्हाणी घुबडाची जोडी पिलांना वाढविताना रात्रीमागून रात्री उंदीर मारीत असते. विष घालून उंदीर मारायचा तर पैसे पडतात, आणि ते विष कुत्र्या-मांजरांना, कोंबड्यांनाही बाधते. घुबड हे काम फुकट करते. परंतु त्याचा गोल चेहरा आणि रात्रीचे ओरडणे यांमुळे लोकांनी त्याला अपशकुनी ठरविले. कोठे कोठे गुप्तधन, करणी अशा भाकड गोष्टींसाठी त्याचा जीव घेतला जातो. अंधश्रद्धा माणसाला लुबाडते, आणि मुक्या जीवांचाही बळी घेते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

खवले मांजराची गतही तशीच आहे. नाव मांजर असले तरी मांजराशी त्याचे काही नाते नाही. त्याला दात नसतात. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपून तो जगतो. संकट आले की अंगाचा गोळा करून पडून राहतो. वाघ-बिबट्यापुढे ही युक्ती चालते, माणसापुढे चालत नाही. माणूस तो गोळा उचलून पोत्यात घालतो. त्याच्या खवल्यांत औषधी गुण आहेत या समजुतीपायी परदेशात त्यांना मोठी किंमत येते आणि कोकणातील खवले मांजरे त्यासाठी मारली जातात. वास्तविक ही खवले आपल्या नखांच्याच द्रव्याची असतात. मादी एका वेळी सहसा एकच पिलू देते, त्यामुळे मारलेल्यांची भरपाई होत नाही. २०१६ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत खवले मांजराच्या सर्व जातींच्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. भारतात तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव असून त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. गावातील एखादा गरजू तरुण दलालाच्या चार पैशांच्या लोभाने या व्यवहारात सापडतो. दलाल निसटतो आणि तुरुंगात जातो तो गरीब तरुण. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी ही गोष्ट तरुणांच्या कानावर घालणे आवश्यक आहे.

बिबट्याविषयीही दोन शब्द. त्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण रानडुक्कर आणि वानर यांच्या संख्येला आळा घालणारा तोच आहे. गावाजवळ कोंबड्यांची घाण आणि भटकी कुत्री वाढली की बिबट्या कुत्र्यांच्या मागे गावात येतो. तेव्हा गाव स्वच्छ ठेवणे, संध्याकाळनंतर लहान मुलांना एकटे न सोडणे आणि गुरे बंद गोठ्यात बांधणे हाच खरा बंदोबस्त होय.

गिधाड का गेले?

आता ज्या पक्ष्यासाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली त्याच्याकडे येतो.

आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या सभासदांना आठवत असेल की गावाबाहेर ढोर टाकले की थोड्याच वेळात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत. पाहता पाहता तीस-चाळीस पक्षी उतरत आणि तासाभरात हाडांचा सांगाडा तेवढा शिल्लक राही. आज विशीतील आपल्या मुलाने गिधाड डोळ्यांनी पाहिलेले नसते. एका पिढीत एवढा फरक कसा पडला?

आपल्या भागात मुख्यतः दोन जातींची गिधाडे होती. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर, कोकणात तर नारळाच्या झाडांवरही, घरटे करते. लांब चोचीचे गिधाड डोंगरकड्यांवर राहते. दोन्ही जातींची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात यायला पाच-एक वर्षे लागतात. १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील भरतपूर येथे डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे प्रथम नोंदविले. पुढे देशभर मोजणी झाली. १९९२ मध्ये जेथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती तेथे २००७ मध्ये जेमतेम एक उरले, असे त्या मोजणीतून निघाले. जगात इतक्या वेगाने क्वचितच एखादा पक्षी नाहीसा झाला असेल.

प्रथम रोगाचा संशय होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून खरे कारण उघड झाले. ते होते 'डायक्लोफेनॅक' हे वेदनाशामक औषध. बैल लंगडू लागला, गाय तापली, की हे इंजेक्शन दिले जाई. जनावर लवकरच मेले तर औषध त्याच्या मांसात राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई आणि काही दिवसांत ते मरे. शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावरात हे औषध असले तरी गिधाडे संपण्यास तेवढे पुरे होते, कारण एका मढ्यावर अनेक गिधाडे एकदम जेवतात. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे औषध कोणी दुष्टपणाने दिले नव्हते. मुक्या जनावराची वेदना कमी व्हावी म्हणूनच शेतकरी ते देत होता. चांगल्या हेतूला पुरेशा ज्ञानाची जोड नसली म्हणजे काय होते, त्याचा हा धडा आहे.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या लहान कुपीतच विकण्याचे बंधन घातले गेले. गिधाडांना तितकीच घातक ठरलेली केटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक ही औषधे २०२३ मध्ये, तर निमेसुलाईड २०२४ च्या अखेरीस जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध मात्र जनावराला गुण देणारे असून गिधाडांना सुरक्षित आहे. म्हणजे पर्याय आहे, फक्त तो मागून घ्यावा लागतो.

कोकणात या संकटाला आणखी एका कारणाची जोड मिळाली. पॉवर टिलर आले, बैलजोड्या गेल्या, गुरे कमी झाली, आणि मेलेली गुरे पुरली जाऊ लागली. विषातून वाचलेल्या गिधाडांना अन्न मिळेना. अशा वेळी महाडच्या 'सीस्केप' या संस्थेने म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात उरलेली घरटी राखण्याचे आणि गिधाडांना अन्न पुरविण्याचे काम गावकऱ्यांच्या साथीने केले. फणसाड अभयारण्यातही वन विभागाने गिधाडांसाठी खाद्यस्थान तयार केले. आपल्या जिल्ह्यात आज जी थोडी गिधाडे आहेत ती अशा प्रयत्नांमुळे टिकली आहेत.

पडून राहिलेले काम

गिधाड गेले म्हणून माणसाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातील रोगजंतू त्यात मरतात. गिधाडे संपल्यावर मढी उघड्यावर सडू लागली, पाण्यात घाण मिसळू लागली, आणि त्या मांसावर भटकी कुत्री पोसली जाऊ लागली. कुत्र्यांबरोबर पिसाळरोगाचे भय आले. ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील जिल्ह्यांच्या आकडेवारीचा अभ्यास करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पूर्वी ज्या जिल्ह्यांत गिधाडे भरपूर होती तेथे ती संपल्यानंतर माणसांचे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढले, आणि २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे एक लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे.

हे मृत्यू कोणाच्या वाट्याला आले असतील? ढोरे टाकण्याची जागा गावाबाहेर असे, आणि आपल्या वस्त्याही गावाबाहेरच असत. दुर्गंधी, माश्या आणि पिसाळलेली कुत्री प्रथम कोणाच्या दाराशी येतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

येथे आपल्या इतिहासाचा संबंध येतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला ठाऊक आहे. परंतु त्याच परिषदेत स्पृश्य समाजाने आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असाही ठराव झाला, आणि मृत मांस खाणे सोडण्याचा आग्रह धरला गेला. आपल्या आज्या-पणज्यांनी पोटाला चिमटा घेऊन ते काम सोडले. गिधाडाने मढे खावे, हा त्याचा निसर्गधर्म आहे. माणसाला मात्र जन्मावरून ते काम चिकटविणे हा अन्याय होता. म्हणून गिधाड वाचवा असे म्हणताना आम्ही हेही स्पष्ट सांगतो की, गिधाडांच्या खाद्यस्थानापर्यंत मृत जनावर नेण्याचे काम ग्रामपंचायत, वन विभाग किंवा संस्था यांनी वाहन, हातमोजे आणि योग्य मजुरी देऊन, कोणाचीही जात न पाहता करवून घ्यावे. पक्षी वाचविण्याच्या नावाखाली जुनी वेठ परत येता कामा नये. दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, आणि साधल्या पाहिजेत.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट औषधाची. ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी पशुवैद्यकाला नावाने विचारावे की हे कोणते इंजेक्शन आहे, आणि मेलॉक्सिकॅम देता येईल का. मरणापूर्वी वेदनाशामक दिलेले जनावर उघड्यावर टाकू नये, पुरावे.

दुसरी गोष्ट वणव्याची. फेब्रुवारी ते मे या काळात आपले डोंगर जळताना दिसतात. गवत चांगले येईल या समजुतीने किंवा निव्वळ गमतीने कोणीतरी काडी लावतो. रानकोंबडी आणि रातवा हे पक्षी याच दिवसांत जमिनीवर अंडी घालतात. ती सारी भाजून निघतात. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, वटवाघूळ, साळिंदर अशा प्राण्यांना अभय दिले आहे आणि विनाकारण रानाला आग लावू नये अशीही आज्ञा दिली आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी जे एका राजाला कळले ते आज शाळा शिकलेल्या आपल्याला कळू नये, हे बरे नव्हे.

तिसरी गोष्ट गलोलीची. मुलांच्या हातात गलोल देण्याऐवजी वही द्यावी. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील किहीम येथे १९३० मध्ये सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्या वेळी त्यांच्या हाती नोकरी नव्हती. घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीवर रोज नजर ठेवून ते टिपणे काढीत. त्यातून असे सिद्ध झाले की घरटे नर विणतो, मादी ते पसंत करते, आणि एक नर एकामागून एक अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार मांडतो. ज्या पक्ष्याला आपण कौतुकाने 'सुगरण' म्हणतो त्याचे घरटे विणणारा नर असतो, हे पाहून कळले, ऐकून नव्हे. त्यासाठी महागडी साधने लागली नाहीत. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही तारीख, वेळ, जागा आणि काय दिसले एवढे चार रकाने आखून सुरुवात करा. वर्षभराची अशी वही ही तुमच्या गावाची संपत्ती ठरेल.

चौथी गोष्ट शिकण्याची. पेण–रोह्यातील कातकरी आणि ठाकर बांधवांना रानाचे जे ज्ञान आहे ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कोणत्या झाडावर येतो हे ते आवाजावरून सांगतात. त्यांच्याकडे शिष्य म्हणून जावे आणि त्यांच्या ज्ञानाचा मान राखावा. जखमी प्राणी आढळल्यास किंवा शिकारीची माहिती मिळाल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. स्वतः प्राणी हाताळू नये.

रानातील हे कामकरी पगार मागत नाहीत, सुट्टी मागत नाहीत, मोर्चा काढीत नाहीत. त्यांचे काम बंद पडले तरी ते आपल्याला नोटीस देत नाहीत. गिधाडांनीही दिली नव्हती. आकाश रिकामे झाल्यावर ते आपल्या ध्यानात आले. शेकरू, धनेश, खवले मांजर आणि तिबोटी खंड्या यांच्या बाबतीत तरी आपण वेळेवर जागे व्हावे, आणि त्याची सुरुवात या उन्हाळ्यात आपल्याच गावच्या डोंगरावर वणवा न लागू देण्यापासून करावी, अशी सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना आमची कळकळीची विनंती आहे.